काहिन, याजक आणि कायमचे पद

उर्दू बायबल हाती घेणारा मुसलमान वाचक 'काहिन' या शब्दापाशी अडखळतो. कुरआन शरीफात सूरह तूर (५२:२९) आणि सूरह हाक्का (६९:४२) मध्ये स्पष्ट सांगितले आहे की पैगंबर (सल्ल.) काहिन नाहीत. अरबीत काहिन म्हणजे जिन्नांकडून खबरा आणून भविष्य सांगणारा. मग ख्रिस्ती लोक हजरत ईसा (अ.स.) यांना 'कायमचे काहिन' कसे म्हणतात, असा प्रश्न आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांनाही पडतो. घोटाळा शब्दाचा आहे. इब्रानी 'कोहेन' हा अरबी काहिनचा सख्खा भाऊ, पण त्याचा अर्थ वेगळा: खुदाच्या घरात कुर्बानी करणारा. मराठी बायबलने त्यासाठी 'याजक' घेतला. त्याला यज्ञाचा वास येतो, तरी अर्थाला तो जवळचा आहे.

तौरातनुसार हे पद हजरत हारून (अ.स.) यांच्या वंशातच चाले. बाप मेला की मुलगा. हजरत ईसा मात्र ख्रिस्ती परंपरेप्रमाणे यहूदाच्या वंशातले, म्हणजे या पदाला अपात्र. 'इब्री लोकांस पत्र' लिहिणाऱ्यापुढे हीच अडचण होती. त्याने जुनी गोष्ट शोधली. उत्पत्तीच्या १४व्या अध्यायात हजरत इब्राहीम (अ.स.) लढाईवरून परततात, तेव्हा शालेमचा राजा मलकीसदेक भाकर व द्राक्षारस घेऊन सामोरा येतो, दुआ देतो आणि इब्राहीम त्याला दहावा हिस्सा देतात. उर्दूत याचे नाव मलिक-ए-सिद्क. त्याचे आईबाप, जन्म, मृत्यू कशाचाच उल्लेख नाही. ११०व्या स्तोत्रात त्याच्यासारखे कायमचे याजकपद एका राजाला बहाल केले आहे. पत्रलेखक म्हणतो, ईसांचे पद या जातीचे.

वंशाचा उल्लेख नाही म्हणून वंशच नाही, हा तर्क आम्हाला फारसा पटत नाही. सुळावरच्या मृत्यूची कुर्बानी तर आमच्या अकीद्यात बसतच नाही (सूरह निसा ४:१५७). पण पत्राचा रोख ओळखला पाहिजे. 'कायमचे' म्हणजे पिढ्यानपिढ्या चालणारे घराणे नव्हे, उलट घराण्याची गरजच संपवणारे. याजक मरतात म्हणून वारस लागतो. जो मरत नाही त्याला वारस कशाला?

यावरून ख्रिस्ती लोकांतच दोन वाटा झाल्या. प्रोटेस्टंट म्हणाले, आता सारेच श्रद्धावंत याजक. कॅथलिकांत एकदा दीक्षा मिळालेला धर्मगुरू जन्मभर धर्मगुरू राहतो, पण तो अविवाहित, त्यामुळे मुलाला गादी देण्याचा प्रश्नच येत नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या (आजचे धाराशिव) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अशाच धर्मगुरूंपैकी होते.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. गावच्या जोश्याचे वतन वंशपरंपरागत होते. त्याला न बोलावता लग्न लावले तरी तो दक्षिणेचा दावा लावू शके. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढून भटजीविना लग्ने लावली. मुंबई इलाख्यात १९२६ च्या कायद्याने असे हक्क रद्द झाले. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त मागणी केली की पुरोहितपद संपवता येत नसेल तर निदान ते वंशपरंपरागत तरी नको. परीक्षा घ्या, सनद द्या.

आणि आपण? इस्लाममध्ये पुरोहित नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. इंझोरीसारख्या गावातही ज्याला कुरआन नीट येतो तो नमाज पढवू शकतो, बाप कोण हे विचारावे लागत नाही. परंतु दर्ग्यांचे मुजावर, सज्जादानशीन, गावोगावची काझी घराणी, यांच्याकडे पाहिले की हारूनी पद्धतच आठवते. १८८० च्या काझी कायद्यात कलम चार आहे: निकाहाला काझी हजर असणे या कायद्याने आवश्यक ठरत नाही. एवढे साधे कलम आपल्यातील किती वधूपित्यांना ठाऊक आहे?