मुंबईच्या चार देवळांची वांटणी

मुंबई बेटावरील क्याथोलिक समाजांतील पाद्रोआदो व प्रोपागांदा या पक्षांचा झगडा इतिहासकार बहुधा धर्मप्रकरणांत घालून मोकळे होतात. वस्तुतः त्यांत धर्ममताचा भेद मुळींच नव्हता. प्रार्थना एक, संस्कार एक, पोपही एक. पाद्री कोणाच्या आज्ञेनें नेमावयाचा, एवढाच वाद. पाद्रोआदो म्हणजे पोर्तुगालच्या राजास पोपांकडून मिळालेला धर्माश्रयाचा हक्क. त्या पक्षाचे मुख्य गोव्याचे आर्चबिशप. प्रोपागांदा ही इ. स. १६२२ त रोम येथें स्थापन झालेली धर्मप्रसारसभा; तिचा मुंबईतील अधिकारी तो व्हिकार आपोस्तोलिक.

बेट इंग्रजांकडे आलें तरी पाद्री पोर्तुगीजच राहिले. त्यांचा ओढा शेजारच्या वसई-साष्टीच्या सत्तेकडे आहे, असा संशय येऊन गव्हर्नर बून यानें १७२० त फ्रान्सिस्कनांस घालविलें व रोमकडील कार्मेलाइटांस आणविलें. रोग राजकारणाचा, औषध मात्र धर्मपीठाचें! पुढें १७३९ त वसईच मराठ्यांनीं घेतली; संशयाचें मूळ गेलें, पक्ष मात्र राहिले. १७८९ त कुंपिणीच्या हुकुमानें देवळें गोव्याकडे गेलीं, १७९१ त परत फिरलीं, आणि १७९४ त सरकारनें सरळ वांटणीच केली. माझगांवचें ग्लोरिया व खालच्या माहीमचें, म्हणजे आजच्या दादरचें, साल्वासांव गोव्यास. एस्पेरान्सा व वरच्या माहीमचें सेंट मायकल व्हिकारास. भाऊबंदांत वाडीचे हिस्से पडावे तसा हा प्रकार. आणि पंच कोण, तर प्रोटेस्टंट व्यापारी.

ही वांटणी लोकांनीं मनापासून मानिली नाहीं. १८५३ त वरच्या माहीमकरांनीं गोव्याचा पक्ष धरिला. तेव्हां बिशप हार्टमन यांनीं देवळांतच ठाण मांडिलें, बाहेर विरुद्ध पक्षाचा वेढा पडला, आणि अखेर देऊळ गोव्याकडे गेलें. आमच्या मतें या सर्व प्रकरणांत हा प्रसंगच मुख्य होय. कारण येथें लिस्बन, रोम वा कुंपिणी यांपैकीं कोणीहि नव्हे, तर गांवानें निवाडा केला.

दुहेरी अधिकार १९२८ च्या करारानें संपला. तरी आर्चबिशप पाळीपाळीनें पोर्तुगीज व इंग्रज असावा, असें ठरलें. तो क्रम मोडून १९५० त वालेरियन ग्राशियस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. तोंवर एकाच आळींतील दोन कुटुंबें दोन धर्माध्यक्षांचीं असूं शकत. म्हणून १७९४ ते १९२८ या काळांतील बाप्तिस्म्याचीं वा विवाहाचीं जुनीं पत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं नांवाबरोबरच खालची सही कोणत्या पक्षाच्या पाद्र्याची आहे, हेंहि टिपून ठेवावें.