शिक्षणसंस्थांच्या आवारातील जलसंधारण व शाश्वतता-उपक्रम (जालना जिल्हा)

जालना जिल्ह्यातील विद्यापीठीय केंद्रे, महाविद्यालये व कृषिशिक्षण संस्था यांनी आपल्या आवारात, आणि काही ठिकाणी आवाराबाहेरच्या शिवारात, पाणी, माती, ऊर्जा व कचरा यांच्या संदर्भात हाती घेतलेली कामे. मोठ्या शहरांतील विद्यापीठांत अशा उपक्रमांचा भर वीजबचत आणि कचरा-वर्गीकरणावर असतो. जालन्यात पहिला प्रश्न पाण्याचा आहे. मार्च उजाडला की वसतिगृहाची कूपनलिका चालेल का आणि टँकर किती लागतील, यावर संस्थेचे वर्ष ठरते. त्यामुळे या नोंदीत मृद्‌संधारण व जलसंधारणाला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

पार्श्वभूमी : जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा हे त्याचे आठ तालुके. दक्षिण सीमेवरून गोदावरी, मधून दुधना, उत्तरेकडून पूर्णा आणि जालना शहरातून कुंडलिका वाहते. पाऊस सरासरीने सुमारे 650 ते 750 मिमी. तो बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात आणि मोठ्या खंडांनी पडतो. जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. या खडकात पाणी साठते ते झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगा-सांध्यांत. अखंड पाषाणात जवळजवळ काहीच मुरत नाही. सखल भागातील खोल काळी जमीन ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. शोषखड्डा कोठे खणावा, हे त्यामुळे इथे फार महत्त्वाचे ठरते. इमारतीमागे, सोयीच्या जागी, काळ्या मातीत खणलेला खड्डा दोन पावसांत गाळाने बंद होतो. चढावरच्या मुरमाड पट्ट्यात खणलेला तोच खड्डा वर्षानुवर्षे काम देतो.

2012-13 च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळल्या. अनेक शेतकऱ्यांना त्या तोडून सरपण करावे लागले. शहराला पाणी पुरवणारा निजामकालीन घाणेवाडी तलाव कोरडा पडला, तेव्हा नागरिकांनी वर्गणी गोळा करून त्यातील गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला. जिल्ह्यातील पुढच्या कामांना या लोकसहभागाने वळण दिले.

पाऊस कमी असला तरी आवारावर पडणारे पाणी थोडे नसते. 700 मिमी पाऊस झाला, तर एक हेक्टर जमिनीवर 70 लाख लिटर पाणी पडते. 1,000 चौरस मीटरच्या छतावर 7 लाख लिटर पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातील साडेपाच लाख लिटर तरी पन्हाळीतून खाली आणता येते. महाविद्यालयाचे छत साधारणपणे याहून मोठेच असते.

नियामक चौकट : सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरणशिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करण्याचा निर्देश दिला, त्यानंतर 2003 च्या आदेशान्वये विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यासक्रम पदवीवर्गांना लागू झाला. प्रत्यक्ष आवारातील कामांना मात्र गती आली ती राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या (नॅक, स्थापना 1994) सातव्या निकषामुळे. त्यात जलसंधारणाच्या पाच सुविधा विचारल्या गेल्या : पावसाचे पाणी साठवणे, विहीर वा कूपनलिका-पुनर्भरण, तळी व बांध, सांडपाण्याचा पुनर्वापर, जलस्रोत व वितरणव्यवस्थेची देखभाल. यांपैकी चार असल्या की सर्वोच्च श्रेणी मिळत असे. सुविधा आहे की नाही एवढेच त्यात मोजले जाई. तिने किती लिटर पाणी जमिनीत मुरवले, हे विचारले जात नसे. मराठवाड्यासारख्या प्रदेशात ही उणीव गंभीर आहे. विहिरीची पाणीपातळी दरमहा मोजून फलकावर लिहिणे हा बिनखर्चाचा उपाय असून, तो कोणत्याही हरित लेखापरीक्षणापेक्षा अधिक सांगतो.

खरपुडी : जालना शहराजवळील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र 1983 मध्ये सुरू झाले. ते मराठवाडा शेती सहाय्य मंडळ ही स्वयंसेवी संस्था चालवते. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरी येथे निघाले होते. ही केंद्रे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अर्थसाहाय्यावर चालतात आणि कृषी विद्यापीठाच्या संशोधनाला शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेतात. काटेकोर अर्थाने खरपुडीचे आवार विद्यापीठाचे नाही. तरीही जिल्ह्यातील आवारकेंद्री जलसंधारणाचा विचार त्याला वगळून करता येत नाही. सर्वाधिक काळ चाललेले आणि सर्वाधिक अभ्यासले गेलेले काम इथूनच उभे राहिले. या कामामागे विजयअण्णा बोराडे यांचे नेतृत्व होते. प्रक्षेत्रावर जे टिकेल तेच गावात न्यायचे आणि शेतकऱ्यांशी नियमित चर्चासत्रांतून बोलत राहायचे, ही केंद्राची कार्यपद्धती.

कडवंची पाणलोट : जालना तालुक्यातील कडवंची हे गाव भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात 1996 च्या सुमारास आले. हा कार्यक्रम महाराष्ट्रात 1990 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला होता; त्याच्या उभारणीत फादर हरमन बाखर यांचा मोठा वाटा होता. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचा निधी नाबार्डमार्फत गावापर्यंत येई. कडवंचीत अंमलबजावणीची जबाबदारी खरपुडीच्या संस्थेकडे होती. पाणलोटाचे क्षेत्र सुमारे 1,900 हेक्टर. त्या वेळी गावात ज्वारी, बाजरी, कापूस ही कोरडवाहू पिके, उताराच्या हलक्या जमिनी आणि उन्हाळ्यात कोरड्या विहिरी असे चित्र होते.

निधी मिळण्याआधी गावाला अटी मान्य कराव्या लागत. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या त्यांतील मुख्य. चराईबंदी सर्वांत अवघड; तिचा भार शेळ्या-मेंढ्या बाळगणाऱ्या भूमिहीन कुटुंबांवर अधिक पडतो. पाणलोट विकासाच्या यशोगाथांत या कुटुंबांचा उल्लेख क्वचितच येतो, आणि तो यायला हवा.

नियोजनाची रीत ‘नेट प्लॅनिंग’ या नावाने गावकऱ्यांच्याही तोंडी बसली. तंत्रज्ञ आणि शेतकरी कुटुंब प्रत्येक गटात उभे राहून उतार, मातीची खोली आणि ओघळी पाहत, या तुकड्यावर काय करायचे ते तिथेच ठरवत आणि कुटुंबाची संमती घेत. कार्यालयात नकाशावर आखलेली बांधबंदिस्ती शेतकरी पुढच्या नांगरटीला मोडतो. स्वतः ठरवलेली तो राखतो. कडवंचीतील बांध टिकले याचे श्रेय या पद्धतीला जाते.

कामाचा क्रम माथा ते पायथा असा होता. वरच्या पडीक उतारांवर सलग समतल चर व वृक्षलागवड, त्याखाली शेतजमिनीत बांधबंदिस्ती, ओघळींत दगडी बांध, आणि सर्वांत शेवटी नाल्यावर माती नाला बांध व सिमेंट बंधारे. हा क्रम उलटा केला की वरची माती वाहून येते आणि खालचा बंधारा दोन-तीन वर्षांत गाळाने भरतो. महाराष्ट्रातील अनेक योजनांत खालच्या बंधाऱ्यापासून सुरुवात झाली, कारण तो दिसतो आणि त्याचे उद्घाटन करता येते. डोंगरावरचा चर पहिल्या पावसानंतर गवताखाली दिसेनासा होतो.

विहिरींना पाणी टिकू लागल्यावर गावाने द्राक्षाकडे मोर्चा वळवला. कडवंचीपाठोपाठ नंदापूर, धारकल्याण, पिरकल्याण, वरुडी या आसपासच्या गावांतही द्राक्षबागा उभ्या राहिल्या. मराठवाड्यातील हा एक प्रमुख द्राक्षपट्टा मानला जातो. ठिबक सर्वत्र आले आणि प्लास्टिकचे अस्तर असलेली शेततळी शेकड्यांनी झाली. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने (क्रिडा) या पाणलोटाचे मूल्यमापन केले. कुटुंबांच्या उत्पन्नात अनेक पटींनी वाढ झाल्याचे त्यात नोंदले आहे. 2012-13 मध्ये इथल्या बागा शेततळ्यांतील साठ्यावर तगल्या.

शेततळ्यांचा प्रश्न : शेततळ्यांबाबत अभ्यासकांत एकमत नाही. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद व 3 मीटर खोल, 1:1 उताराच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले, तर मूळ हेतू साधतो. अनेक ठिकाणी मात्र ते विहिरीतून किंवा कूपनलिकेतून उपसून भरले जाते. अस्तर असल्याने त्यातील थेंबही पुन्हा जमिनीत जात नाही, आणि उन्हाळ्यात दिवसाला 8 मिमी बाष्पीभवन धरले तरी 90 दिवसांत 72 सेंमी पाणी उडून जाते. सर्वांच्या मालकीचे भूजल अशा रीतीने एकाच्या तळ्यात बंदिस्त होते, असा आक्षेप घेतला जातो. फळबाग जगवण्यासाठी संरक्षित पाण्याला पर्याय नाही आणि दुष्काळात तेच कुटुंबाला तारते, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पाणलोटाचा वार्षिक ताळेबंद गावाने मिळून मांडल्याखेरीज या वादाचा निर्णय होणार नाही.

बदनापूर : परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना 18 मे 1972, 2013 पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) याचे कृषी संशोधन केंद्र बदनापूर येथे असून तेथे कृषी महाविद्यालय व कृषी विज्ञान केंद्रही आहे. तूर, मूग, उडीद, हरभरा या कडधान्यांवरील संशोधनासाठी ते देशभर ओळखले जाते. बीएसएमआर 736 हा मर व वांझ रोगांना प्रतिकार करणारा तुरीचा वाण इथला. बीडीएन 711 हा सुमारे 150 ते 155 दिवसांत तयार होणारा, पांढऱ्या दाण्याचा वाण हलक्या-मध्यम जमिनीत जमिनीतली ओल संपायच्या आत हाती येतो, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याने तो उचलला. अलीकडील गोदावरी (बीडीएन 2013-41) हाही याच केंद्राचा. आवाराच्या शाश्वततेची चर्चा बहुधा इमारतींपुरती राहते आणि अशा वाणांची तीत गणना होत नाही. ती व्हायला हवी : कमी दिवसांत, एकाही सिंचनाविना, जमिनीला नत्र देत येणारे पीक हजारो हेक्टरवर जे पाणी वाचवते, त्याची बरोबरी कोणत्याही छतावरची टाकी करू शकत नाही. रुंद वरंबा सरी (बीबीएफ) पद्धतीचा प्रसारही कृषी विद्यापीठाच्या यंत्रणेने केला; तिच्यात पाऊस कमी झाला तर सरीत ओल राहते आणि जास्त झाला तर निचरा होतो.

रसायन तंत्रज्ञान संस्था : मुंबईतील रसायन तंत्रज्ञान संस्थेचे (आयसीटी, स्थापना 1933, अभिमत विद्यापीठाचा दर्जा 2008) मराठवाडा संकुल 2018 मध्ये जालन्यात स्थापन झाले. त्यासाठी शिरसवाडी शिवारात सुमारे 200 एकर जमीन आहे. एवढ्या क्षेत्रावर 700 मिमी पावसात सुमारे 57 कोटी लिटर पाणी पडते. बांधकामाआधीच उतार पाहून चर, तळी आणि पुनर्भरणाच्या जागा आखता येणे ही नव्या संकुलाला मिळणारी संधी जुन्या महाविद्यालयांना कधीच मिळाली नाही. मूळ संस्थेत जैवऊर्जेवर, विशेषतः पिकांच्या अवशेषांपासून इथेनॉल बनवण्यावर, काम झालेले आहे; कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या मुबलक असलेल्या या जिल्ह्याशी त्याचा थेट संबंध आहे.

ऊर्जा व कचरा : या बाबतीतले नेहमीचे उपक्रम म्हणजे छतावरील सौर पॅनेल, एलईडी दिवे व गांडूळखताचे हौद.

संलग्न महाविद्यालये : जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी (स्थापना 23 ऑगस्ट 1958) संलग्न आहेत. जालना शहरातील जे. ई. एस. महाविद्यालय हे त्यांतील जुने. घनसावंगी येथे मॉडेल कॉलेज आहे.

या महाविद्यालयांचे आवाराबाहेरचे काम मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजनेतून (आरंभ 24 सप्टेंबर 1969) होते. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास नियमित काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण करायचे असते. शिबिरांत वृक्षलागवड, शोषखड्डे व वनराई बंधारे ही कामे नेहमीची. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून नाल्यात रचलेला वनराई बंधारा एका दिवसात, जवळजवळ खर्चाविना उभा राहतो आणि रब्बीच्या एका-दोन पाण्यांची सोय करतो. तो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, नाला वाहता असतानाच घालावा लागतो. शिबिरे मात्र सत्रपरीक्षांनंतर, बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात आणि तोवर लहान नाले आटलेले असतात. शिबिराचे सात दिवस ऑक्टोबरात आणण्यासाठी पैसा लागत नाही, वेळापत्रकात बदल पुरतो. 2014 मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षणसंस्थांनी पाच-पाच गावे निवडून त्यांच्याशी दीर्घकाळ जोडले जाणे अपेक्षित आहे. जालन्यातील संस्थांसाठी ही पाच गावे एकाच पाणलोटातील असणे इष्ट.