दफ्तर, दरखदार आणि फेरफार : सामूहिक लेखनव्यवहाराचा एक विचार

एकच काम अनेक माणसांनी परस्परांपासून दूर बसून मिळून कसे करावे, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, अशी समजूत हल्ली बरीच रूढ आहे. कार्यालयांसाठी सामायिक कामकाजाच्या प्रणाली तयार होतात, कर्मचाऱ्यांस त्यांचे शिक्षण दिले जाते, आणि काही वर्षांनी नवी प्रणाली येऊन जुनी मागे पडते. महाराष्ट्रात हा प्रश्न निदान अडीचशे वर्षांपूर्वी पुष्कळ अंशी सुटला होता आणि पुढे एकाच पिढीत पुन्हा बिघडला होता. त्या सुटण्याचा आणि बिघडण्याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी या गावाचा निर्देश त्यात का येतो, ते ओघाने स्पष्ट होईल.

पुण्याच्या हुजूर दफ्तराचे मुख्य विभाग दोन होते : चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात फड, बेहडा आणि सरंजाम अशी खाती असत. फडातून आज्ञा व सनदा निघत. बेहड्यात गावोगावच्या हिशेबांवरून जमाखर्चाची पत्रके तयार होत. सरंजामाचे खाते लष्करी नेमणुकांचे होते. एकबेरीज दफ्तराचे काम निराळे. पूर्ण झालेले हिशेब तेथे येत आणि त्यांची वर्गवारी करून खतावणी व तर्जुमा, म्हणजे गोषवारा, तयार होई. हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. कोणत्याही महालाची कोणत्याही सालची बाब अल्पावधीत काढून देता यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. नाना फडणिसांच्या अमलात ही व्यवस्था पूर्णत्वास पोचली.

तथापि दफ्तराच्या इमारतीपेक्षा महालातील व्यवस्था मला अधिक बोधक वाटते. मामलेदाराच्या हाताखाली जे दरखदार असत, त्यांची नेमणूक हुजुरातून होई. मामलेदारास त्यांना दूर करता येत नसे. पत्रांवर आणि हुकमांवर दिवाण आपली निशाणी करी. मुजुमदाराने हिशेब तपासून मान्य केल्यावाचून फडणीस त्यावर तारीख घालीत नसे. फडणिसाच्या रोजकीर्दीवरून दफ्तरदार खतावणी बांधून दरमहा गोषवारा हुजुरात रवाना करी. पोतनीस वसुलाची व शिलकेची नोंद ठेवी, पोतदार नाणे पारखी, सभासद किरकोळ तंट्यांची नोंद करी, आणि चिटणीस पत्रे लिही. एक कागद इतक्या हातांतून जाई, आणि प्रत्येक हात त्यावर आपली खूण ठेवी. 'बार', 'सूद', 'मोर्तब' या खुणा जुन्या कागदांच्या अभ्यासकास परिचित आहेत. कागद कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्याची जबाबदारी कोणी घेतली आहे, हे त्यांवरून तिऱ्हाइतासही कळे. एखाद्या कामाचे स्वरूप कागदावरच दिसावे, ते कोणाच्या स्मरणावर किंवा मर्जीवर अवलंबून राहू नये, हे या पद्धतीचे मर्म होय.

येथे भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट विशेष जाणवते. अशी व्यवस्था चालावयाची तर शब्दांचे अर्थ सर्वांच्या ठायी एकच असले पाहिजेत. इ.स. १६७७च्या सुमारास, शिवकालाच्या अखेरीस, रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली 'राजव्यवहारकोश' सिद्ध झाला. राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत दहा वर्गांत सुमारे १३८० फारसी, अरबी व देशी शब्दांस त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. लेखनासाठी एक स्वतंत्र वर्गच आहे. भाषाभिमानाचा ग्रंथ म्हणून त्याचा गौरव सदैव होतो आणि तो योग्यच आहे. पण पेशवाईच्या कागदांत पाहावे तो फडणीस, मुजुमदार, जमा, वसूल, बाकी, तर्जुमा हेच शब्द नांदताना दिसतात. ज्यांच्या हातून रोज लेखणी चालत होती, त्यांनी अमात्यास मुजुमदारच म्हटले. कोश वरून आला होता, आणि हे शब्द कामातून घडले होते. वरून आलेली परिभाषा किती टिकावी, याचा निर्णय अखेर कारकुनाच्या बोटांनी केला. (परिभाषा-समित्यांच्या कामात ही गोष्ट अनेकदा विसरली जाते, असे माझे मत आहे.)

मोडी लिपीचेही तसेच. हेमाद्रीने ती आणली, ही परंपरा बाजूस ठेवली तरी तिचा उपयोग निर्विवाद आहे. लेखणी न उचलता भराभर लिहिता यावे, 'मु॥', 'छ' अशा संक्षेपांनी वेळ वाचावा, आणि साल अरबी संख्यावाचकांनी सुहूर सनात देता यावे, या सर्वांमुळे नाशिकचा कारकून बुंदेलखंडातील कागद वाचू शके. लिपी, संक्षेप, कालगणना आणि खुणा यांच्या जुळणीलाच आजच्या भाषेत प्रणाली म्हणावे लागेल.

मात्र ती माणसांपासून अलग नव्हती. १८०० मध्ये नाना वारले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दफ्तर ओस पडत गेले. नोकरवर्ग जवळजवळ नाहीसा झाला आणि कागद बाहेर नेण्यासही लोकांना मोकळीक मिळाली, असे इंग्रज अधिकाऱ्यांना १८१८ नंतर आढळून आले. लिपी तीच होती, रुमाल तेच होते, नियमही कोणी रद्द केले नव्हते. नाहीसे झाले ते रोज सायंकाळी खतावणी पुरी करावयाची हे बंधन, आणि ती पुरी झाली की नाही हे पाहणारा मनुष्य.

फुलसावंगीचा प्रदेश पेशव्यांच्या खास अमलात नव्हता. वऱ्हाड नावाने निजामाचे, पण नागपूरकर भोसल्यांचा हिस्सा त्यात असल्यामुळे तेथे दुहेरी अंमल चाले. १८०३च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा हक्क संपला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. पुसद तालुका १९०५ मध्ये वाशीम जिल्ह्यातून यवतमाळात आला. आणि पुसदच्या बाजूचे हे गाव आज महागाव तालुक्यात आहे. राज्ये बदलली तरी गावात बसून लिहिणारा एकच होता : पटवारी. पैनगंगेच्या पलीकडे माहूरच्या बाजूस निजामी राज्य कायम राहून कारभार उर्दूत चालला. अलीकडे वऱ्हाडात तो मराठीत. एका नदीच्या दोन तीरांवर दोन दफ्तरे आणि दोन लिप्या, पण शेते आणि सोयरिकी मात्र दोन्हीकडे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अमलात आल्यावर तलाठी हे नाव सर्वत्र झाले, आणि आता ग्राम महसूल अधिकारी हे पदनाम रूढ होत आहे. विदर्भातील शेतकरी मात्र अजून पटवारीच म्हणतो. संहितेच्या १५०व्या कलमातील फेरफाराची रीत पाहिली की दरखदारांची आठवण होते. तलाठ्याने नोंद घ्यावी, हितसंबंधितांस नोटीस द्यावी, हरकतीस वाव असावा, आणि नोंद प्रमाणित करणारा अधिकारी निराळा असावा. संगणकीय फेरफाराने ही साखळी मोडली नाही. तिचे कागद पडद्यावर नेले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला, आणि 'ई-पीक पाहणी'त २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून करू लागला. गोषवारा करणाऱ्यांच्या पंक्तीत शेतकरी प्रथमच बसला, हा बदल मी मोठा मानतो. त्याच्या हाती यंत्र दिले गेले. पण रकान्यांची भाषा अजून दफ्तराचीच आहे. 'पोटखराबा' आणि 'भोगवटादार' हे शब्द ज्याने चावडीत ऐकले नाहीत, अशा तरुण शेतकऱ्यास तो रकाना कोण समजावून देणार?

माणसे नाहीशी झाल्यावर काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकवली जात होती. कागद जागेवर होते. कुटुंबांचे हक्क त्यांत लिहिलेले होते. परंतु ते वाचून सांगणारे मोजकेच उरले होते. पैनगंगेच्या पलीकडील त्या रुमालांत फुलसावंगीच्या बाजूच्या सोयऱ्यांची नावे असतील, तर तीही त्याच मोजक्या डोळ्यांची वाट पाहत आहेत.