खानदेशचा कापूस, घरचे सोने आणि युरोपवरील विश्वास

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राजेरजवाड्यांच्या वंशावळी, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. आयुष्यभर शाळामास्तरकी केलेल्या माझ्यासारख्याने हा समज मुलांच्या मनात रुजविण्यास थोडाबहुत हातभारही लावला आहे, हे मला कबूल केले पाहिजे. परंतु लोकांच्या मनात जी मोठी स्थित्यंतरे घडतात, ती पुष्कळदा रणांगणावर न घडता बाजारात, सावकाराच्या ओट्यावर आणि सोनाराच्या तराजूपुढे घडतात. अशाच एका स्थित्यंतराची हकीकत मी आज सांगणार आहे. १९२९ ते १९३६ या सात वर्षांत खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील लोकांचा युरोपच्या राजकारणावरील विश्वास कसा उडाला, हा तिचा विषय.

विश्वास उडाला असे म्हणावयाचे, तर तो आधी होता हे दाखविले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळेतून बाहेर पडलेल्या आमच्या विद्वानांना मिल्ल आणि स्पेन्सर हे गुरुस्थानी होते. येथील गोरा अंमलदार अन्याय करीत असेल, पण विलायतेतील पार्लमेंटच्या कानी खरी हकीकत गेली, तर न्याय मिळाल्यावाचून राहणार नाही, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. १८९२ साली दादाभाई नौरोजी त्याच पार्लमेंटात निवडून गेले, तेव्हा ती श्रद्धा अधिकच दृढ झाली. १९१४ च्या महायुद्धाने तिला पहिला तडा गेला. सुधारलेली म्हणविणारी राष्ट्रे चार वर्षे एकमेकांची कत्तल करीत राहिली, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांनी पाहिले. परंतु वृत्तपत्र वाचणारे थोडे. बहुजनसमाजाला युरोप कळला तो कापसाच्या भावातून.

खानदेशला हा धडा अगदीच नवा होता असे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचे मोल आले. जळगाव हे कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपास आले ते याच काळात. १८६५ साली ते युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या व कंपन्या धडाधड बुडाल्या आणि येथील पेठेलाही जबर धक्का बसला. आपल्या शेताचा भाव सातासमुद्रापलीकडच्या भांडणावर ठरतो, ही गोष्ट तेव्हाच आमच्या पणजोबांना उमगली होती. मात्र ते त्याला दैवाचा खेळ म्हणत. त्यामागे कोणाचे राजकारण आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो विचारला त्यांच्या नातवंडांनी.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि बघता बघता मंदीची लाट सर्व जगभर पसरली. हिंदुस्थानात शेतमालाचे भाव पुढील तीन-चार वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. कापसाची दशा त्याहून वाईट. ज्याने १९२४-२५ चा चढा भाव पाहिला होता, त्याला १९३१ चा भाव ऐकून आपल्या कानांवर विश्वास बसेना. आता गणित पाहा. रयतवारी पद्धतीत सरकारचा सारा रोख रुपयांत, आणि तो तीस तीस वर्षांसाठी ठरलेला. सावकाराचे व्याजही रोख रुपयांत. भाव निम्मा झाला, म्हणजे पूर्वी जे देणे दोन गाड्या कपाशीत फिटत होते, त्याला चार गाड्या घालाव्या लागल्या. शेत तेच, बैल तेच, घाम तोच. परंतु कर्ज, एक पैसा नवा न काढता, दुप्पट झाले. मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतकऱ्यांचे कर्ज सुमारे ९०० कोटी रुपये धरले होते. तो आकडा कागदावर स्थिर राहिला, तरी त्याचे ओझे मात्र वाढत गेले.

येथे एका रुक्ष विषयाकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. तो विषय म्हणजे हुंडणावळ. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरविण्यात आला. १ शिलिंग ४ पेन्स असावा, अशी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारख्या जाणत्यांची मागणी होती. दोन पेन्सांत काय एवढे, असे कोणी म्हणेल. परंतु रुपया महाग ठेवला, म्हणजे परदेशी माल येथे स्वस्त पडतो आणि आपला कापूस विकून हाती येणारे रुपये कमी होतात. उलटपक्षी, विलायतेस दरसाल पाठवावयाची निवृत्तिवेतने आणि कर्जावरील व्याज सरकारला थोड्या रुपयांत भागविता येते. कोणाच्या सोयीसाठी कोणी सोसावयाचे, हे यावरून उघड होते.

आणि मग सप्टेंबर १९३१ उजाडला. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. त्यांच्या डोळ्यांदेखत, २१ सप्टेंबर रोजी, इंग्लंडने सुवर्णचलन सोडले. ज्या पौंडाकडे जग हिमालयाकडे पाहावे तसे पाहत होते, तो पौंड घसरला. तेथील मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ त्यापूर्वी महिनाभर आधीच मोडले होते आणि त्याच पक्षाचे मॅकडोनल्ड विरोधकांस बरोबर घेऊन नवे सरकार चालवीत होते. ज्यांना स्वतःच्या घराची आढी सावरता येत नव्हती, ते आम्हांस राज्य करण्याची पात्रता शिकविण्यास बसले होते! गांधीजी पुढे लँकेशायरला गेले. तेथील बेकार गिरणीकामगारांनी, ज्यांच्या कापडावर बहिष्कार पुकारला होता त्यांनीच, त्यांचे प्रेमाने स्वागत केले. युरोपचे राज्यकर्ते निराळे आणि युरोपची जनता निराळी, हा विवेक त्या भेटीने शिकविला. तो पुढेही विसरला जाऊ नये.

पौंड घसरला तरी रुपयाची गाठ त्याच्याशी १८ पेन्सांना तशीच बांधून ठेवण्यात आली. परिणाम असा झाला की, सोन्याचा रुपयांतील भाव चढू लागला. १९२७ च्या कायद्यातील दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै होता. तो बाजारात लवकरच तिशीच्या पुढे गेला. कापूस मातीमोल आणि सोने महाग! मग साऱ्याच्या हप्त्यासाठी शेतकऱ्याने काय विकावयाचे, हे सांगावयास ज्योतिषी नको. खेड्याखेड्यांतून पाटल्या, पोती, गोफ आणि वाळे सोनाराकडे निघाले. ते वितळून मुंबईस गेले आणि तेथून बोटीने लंडनला. १९३१ पासून दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत हिंदुस्थानातून तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने बाहेर गेले.

सरकारपक्षाचे म्हणणे असे की, लोक स्वखुशीने सोने विकून नफा मिळवीत आहेत. या म्हणण्यात सत्याचा अंश होता. ज्या सावकाराजवळ सोने पडून होते, त्याला नफा खरोखरच झाला. परंतु अंगावरचा दागिना काढून जो सारा भरतो, त्याच्या व्यवहाराला नफा हे नाव देणे म्हणजे भाषेची विटंबना आहे. आमच्या घरी, पांझरेकाठच्या एका खेड्यात, माझ्या आजीच्या पाटल्या याच काळात गेल्या. आजी लिहावाचावयास शिकलेली नव्हती. पौंड हे नाव तिने कधी ऐकले नसेल. मी लहान असताना ती आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहून अहिराणीत म्हणे, “सोनं गयं, पन वावर वाचनं.” आमचे वावर वाचले. पुष्कळांचे दोन्ही गेले.

पुढील वर्षांनी उरलासुरला भ्रमही घालविला. १९३२ साली ओटावा येथे साम्राज्यांतर्गत सवलतींचा करार झाला. १९३३ साली ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेकडा ७५ पर्यंत चढविण्यात आली आणि तिचा रोख जपानवर होता. जपानी गिरण्यांनी उलट हिंदी कापूस घेण्याचे थांबविले. जपान तर आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक, आणि खानदेशचा कापूस त्याच जातीचा! जानेवारी १९३४ मध्ये समेट होईपर्यंत, लँकेशायर व ओसाका यांच्या भांडणाचा भुर्दंड जळगावच्या पेठेला बसला. जून १९३३ मध्ये लंडनला भरलेली जागतिक आर्थिक परिषद काहीही निष्पन्न न होता उठली. जर्मनीत साठ लाख माणसे बेकार झाली आणि जानेवारी १९३३ मध्ये हिटलर अधिकारावर आला. जपानने मांचुरिया गिळला, इटलीने १९३५ साली ॲबिसीनियावर स्वारी केली, आणि राष्ट्रसंघ ठराव करीत राहिला.

येथवरची हकीकत निराशेची झाली. परंतु श्रोतेहो, विश्वास उडणे ही अर्धीच गोष्ट आहे. उडालेल्या विश्वासाच्या जागी काय बसते, यावर सर्व अवलंबून असते. पार्लमेंटे निकामी ठरली, तेव्हा हुकूमशहाच बरा, असे म्हणणारे लोक जसे युरोपात निघाले तसे महाराष्ट्रातही निघाले. नागपूरचे डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना रोमला मुसोलिनीस भेटले आणि तेथील तरुणांच्या लष्करी शिक्षणाने प्रभावित होऊन आले. इटलीच्या शिस्तीचे कौतुक करणारे लेख मराठी पत्रांतूनही येत. भुकेल्या माणसाला शिस्तीचा डौल दिसतो, तिच्यामागचा चाबूक दिसत नाही.

खानदेशने मात्र निराळा मार्ग धरला. अंमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून साने गुरुजी १९३० च्या सत्याग्रहात उतरले. ज्या १९३२ साली सोन्याचा ओघ वाहत होता, त्याच साली धुळ्याचा तुरुंग सत्याग्रह्यांनी भरला होता. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती उतरून घेतली. परक्याच्या न्यायबुद्धीवर विसंबणे सोडून लोक स्वतःच्या कर्तव्याकडे वळले होते, याचे याहून सुंदर चिन्ह दुसरे कोणते दाखवावे?

आणि डिसेंबर १९३६ मध्ये, जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे, काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले. नंदलाल बोस यांनी बांबू, चटया अशा साध्या ग्रामीण साहित्याने नगर शृंगारले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी स्पेन व ॲबिसीनिया यांची हकीकत कपाशी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांसमोर मांडली आणि साम्राज्यशाही व फॅसिझम या दोघींना एकाच कुळातील मानून दोघींचाही धिक्कार केला. त्याच अधिवेशनात सारा व खंड कमी करण्याचा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट देण्याचा आणि कर्जाचा भार हलका करण्याचा कार्यक्रम मंजूर झाला. पुढे १९३९ साली मुंबई इलाख्यात शेतकरी ऋणपरिहाराचा कायदा झाला. त्याने सर्व दुःख निवारण झाले असे नव्हे. परंतु सोनाराच्या तराजूपुढे जो प्रश्न मुकाट्याने उभा होता, त्याला फैजपुरात वाचा फुटली, एवढे निश्चित.

आज जळगाव सोन्याच्या व्यापारासाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. त्या पेठेतून जाताना काचेमागील पाटल्या पाहिल्या, की मला आजीची मोकळी मनगटे आठवतात. दूरच्या एखाद्या राजधानीत निर्णय होतात आणि त्यांची किंमत खेड्यातील एक बाई आपल्या अंगावरून उतरवून देते, हा प्रकार त्या सात वर्षांपुरताच होता असे मानण्याइतका मी भोळा नाही. म्हणून भाव पडले म्हणजे दैवाला बोल लावू नये, आणि चाबकवाल्याचाही धावा करू नये. हा निर्णय कोणी केला, कोणाच्या सोयीसाठी केला, आणि तो बदलण्याचा अधिकार आपल्या हाती आहे की नाही, हे विचारावे. आमच्या आजीला तो अधिकार नव्हता. आपल्याला आहे.