देगलूरचा प्रवासी आणि १९५६ ची रेषा

१/६
देगलूरच्या प्रवाशांसाठी बनवलेले ॲप वापरण्यास सोपे आहे का, हे तपासायचे असेल तर चाचणीला कोणाला बसवावे? याचे उत्तर या गावाच्या इतिहासात सापडते.

२/६
१९३२. निजामाच्या रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी प्रवासी बससेवा सुरू केली. देगलूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे एकाच राज्याचे प्रजाजन होते.

३/६
त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरी बेक यांचा भुयारी रेल्वेचा नकाशा तपासला गेला. कार्यालयाने तो आधी नाकारला होता. चाचणीपुरत्या ५०० प्रती छापल्या. प्रवाशांनी तो उचलून धरला. १९३३ मध्ये लाखो प्रती निघाल्या.

४/६
१ नोव्हेंबर १९५६. राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला. मात्र देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. सोयरीक आणि बाजारहाट मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिली.

५/६
म्हणून चाचणीला केवळ मराठी वाचणारा तरुण पुरेसा नाही. जुक्कलला लेकीकडे निघालेली आजी हवी, बिदरच्या दवाखान्यात जाणारा शेतकरीही हवा. ‘उद्या दहापर्यंत बिचकुंद्याला पोहोचायचे आहे, गाडी शोधा’ एवढेच सांगावे. मदत करू नये. बोट कुठे अडते, ते टिपावे.

६/६
ते राज्याच्या सीमेशी अडले, तर दोष आजीचा नव्हे. १९५६ ची रेषा ॲपमध्येही आखली गेली आहे, असे समजावे.