दवणा : सीमाभागातील एका सुगंधी वनस्पतीचे नाव आणि गुण

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर जोतिबाला गुलाल-खोबऱ्यासोबत दवणा वाहिला जातो. त्याच पौर्णिमेला बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती येथे यल्लम्माची यात्रा भरते, आणि कन्नडात त्या तिथीचे नावच ‘दवनद हुण्णिवे’, म्हणजे दवण्याची पौर्णिमा असे आहे. निपाणी-बेळगाव परिसर या दोन देवस्थानांच्या मध्ये वसलेला असल्याने दवणा येथे दोन्ही भाषांत घरचा आहे.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘दमनक’. पंचतंत्रातील धूर्त कोल्ह्याचेही नाव हेच. ‘ग्राम’चे गाव आणि ‘नाम’चे नाव झाले, त्याच वळणाने ‘म’चा ‘व’ होऊन दवणा झाला. कन्नड ‘दवन’मध्येही ‘व’ असल्याने तो शब्द थेट संस्कृतातून नव्हे, तर प्राकृताच्या वाटेने आला असावा असे मानण्यास जागा आहे.

वनस्पतिशास्त्रात दवण्यास आर्टेमिसिया पॅलेन्स म्हणतात. सूर्यफुलाच्या कुळातील ही वर्षायू वनस्पती साधारण अर्धा मीटर वाढते. पाने करडी, लवदार, बारीक चिरलेली. फुले पिवळी, पण इतकी लहान की लक्षातही येऊ नयेत. थंडीच्या प्रारंभी पेरलेले पीक सुमारे चार महिन्यांत तयार होते. जोराचा पाऊस आणि कडक ऊन, दोन्ही त्यास मानवत नाहीत. फुले उमलू लागताच कापणी करून, सावलीत सुकवून तेल काढतात. त्यातील मुख्य घटकास ‘दवनोन’ हे नाव या झाडावरूनच मिळाले. देवाच्या माळेतला शब्द असा रसायनशास्त्रात गेला. अत्तरांत, मिठाईत आणि तंबाखूलाही वास देण्यासाठी हे तेल वापरले जाते.

बाजारातील दवणा लागवडीचा असतो. सह्याद्रीत रानोमाळ वाढतो तो त्याचा भाऊबंद ढोरदवणा, आर्टेमिसिया निलगिरिका. तो बहुवर्षायू, माणसाच्या उंचीपर्यंत जाणारा. पाने खालून पांढुरकी, वास उग्र आणि कडवट. ‘ढोर’ हे उपपद त्या राकटपणाला शोभते. मरवा मात्र दवण्याच्या जोडीने माळेत येत असला तरी तुळशीच्या कुळातला, अखंड लहान पानांचा.

खरा घोटाळा ‘नागदवणा’ या नावात आहे. काही ठिकाणी ते ढोरदवण्याला लावतात, तर काही ठिकाणी लांब पट्ट्यासारख्या पानांच्या, पांढऱ्या फुलांच्या एका कंदवर्गीय झाडाला. या दुसऱ्याचे दवण्याशी कोणतेही नाते नाही. त्याच्या पानांना दवण्याचा गंध नसतो, आणि कांदा विषारी असतो.