अनुचित्र प्रेषण (फॅक्स), आंतरजाल-दूरध्वनीवरील
कागदावरील मजकूर वा चित्र यांची प्रतिकृती विद्युत् संकेतांच्या साहाय्याने दूरच्या ठिकाणी उमटविण्याच्या पद्धतीस अनुचित्र प्रेषण किंवा फॅक्स म्हणतात. ही कल्पना दूरध्वनीहूनही जुनी आहे. स्कॉटिश संशोधक अलेक्झांडर बेन यांनी १८४३ मध्ये तिचे ब्रिटिश एकस्व घेतले. जोव्हान्नी कासेल्ली या इटालियन संशोधकाच्या यंत्राने १८६५ मध्ये पॅरिस व लीआँ या शहरांदरम्यान सार्वजनिक सेवा सुरू झाली. फॅक्सचा सार्वत्रिक प्रसार मात्र १९८० मध्ये ‘गट ३’ हे आंतरराष्ट्रीय मानक मान्य झाल्यानंतर झाला. या गटातील यंत्र पानावरील काळ्या-पांढऱ्या बिंदूंचे अंकीय संकेत करते व ते श्राव्य स्वरांच्या रूपाने दूरध्वनीच्या तारेवर सोडते.

या यंत्रांची विश्वसनीयता एका गृहीतावर आधारलेली होती. जोडणी असेपर्यंत दोन टोकांमधील मार्ग अखंड राहील व संकेत समान गतीने पोहोचतील, हे ते गृहीत होय. आंतरजालावर ते टिकत नाही. तेथे ध्वनीचे बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते स्वतंत्र पॅकेटांतून पाठविले जातात. काही पॅकेटे उशिरा पोहोचतात, तर काही गहाळ होतात. संभाषणातील असा एखादा खंड ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. फॅक्समध्ये मात्र त्यामुळे ओळी गळतात किंवा जोडणीच तुटते. मानवी आवाजासाठी योजिलेल्या ‘जी.७२९’ सारख्या ध्वनिसंकोचन पद्धतीत फॅक्सचे स्वर विकृत होतात. सेकंदाला ६४ किलोबिट वापरणाऱ्या ‘जी.७११’ पद्धतीत ते टिकतात. तथापि दोन्ही टोकांच्या कालमापनातील सूक्ष्म फरक साठत गेल्याने अनेक पानांचे दस्तऐवज अर्धवट राहण्याचा संभव असतो.

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये ‘टी.३८’ हे मानक मान्य केले. त्यानुसार आंतरजालाच्या प्रवेशद्वाराशी असलेले उपकरण स्वरांचे पुन्हा अंकीय संकेत करते, आधीच्या पॅकेटांतील माहिती पुढील पॅकेटांत पुन्हा घालून पाठविते व पलीकडचे उपकरण त्यांपासून मूळ स्वर निर्माण करते. मात्र मार्गातील सर्व सेवासंस्थांनी हे मानक स्वीकारलेले असावे लागते. एका दुव्यावर जरी ते नसले, तरी फॅक्स पुन्हा साध्या ध्वनीप्रमाणे पाठविला जातो.

गट ३ च्या यंत्रांतील दोषदुरुस्ती पद्धतीत सदोष भाग पुन्हा मागविता येतो. पॅकेटे फार गहाळ होत असल्यास त्यामुळे प्रेषण लांबते, म्हणून काही ठिकाणी ती बंद ठेवतात. अशा वेळी काही ओळी बिघडूनही यंत्र पान स्वीकारू शकते व पाठविणाऱ्यास यशाची पोच मिळते. औषधाची मात्रा किंवा करारातील रक्कम कळविताना हा दोष गंभीर ठरतो. म्हणून महत्त्वाच्या मजकुराची स्वतंत्रपणे खात्री करून घेणे आवश्यक असते.